प्रबुद्धला न विचारता घेतलेलं रीळ

मी, निवृत्ती केरबा सोनकांबळे, वय वर्षे एकाहत्तर, रेल्वेच्या वर्कशॉपातला पेन्शनर फिटर, राहणार सीताफळमंडी, सिकंदराबाद, हे मृत्युपत्र स्वतःच्या अक्षरात लिहीत आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे. किडन्या नाहीत. आठवड्यातून तीनदा मला डायलिसिसच्या मशीनला लावतात आणि त्या चार तासांत विचार करण्यापलीकडे काही काम नसतं, तेव्हा हे सगळं विचारांती लिहिलेलं आहे असं समजावं. मला कोणी भरीस घातलेलं नाही, दमही दिलेला नाही. यापूर्वी असा कागद मी केलेला नाही. कोणी दाखवला तर तो खोटा.

वकील शशिकांतराव म्हणाले, छापील नमुना आहे, नुसती नावं भरा. मी म्हटलं, नक्को. आयुष्यभर फॉर्मच भरले, हा एक कागद तरी माझ्या मनासारखा होऊ द्या.

१. बँकेतल्या ठेवीतून आधी दवाखान्याचं देणं भागवावं. उरेल ते मुलगी पिंकी आणि मुलगा प्रबुद्ध यांनी सारखं घ्यावं. अंमलबजावणी पिंकीनं करावी. ती बोलते फार, पण कामाला चोख आहे.

२. हत्यारांची पेटी, म्हणजे पाने, कानशी, हातोड्या आणि बारीक मापं घ्यायचा व्हर्नियर, जावई अनिल यांना. त्यांना पाना कुठून धरावा हे कळत नाही, पण ते विचारतात, त्यात कमीपणा मानत नाहीत. व्हर्नियर मात्र पोरांच्या हाती देऊ नये.

३. माझी बांबूची गळाची काठी कोणालाच नाही, कारण ती मोडलेली आहे. ती वर्कशॉपातला माझा सोबती अप्पाराव यानं हिमायतसागर तलावाच्या बांधावर मोडली आणि नाव माशावर घातलं. याला सत्तावीस वर्षं झाली. मी त्याला माफ केलेलं नाही आणि आता करायलाही वेळ नाही. मला शेवटचं बघायला आला तर येऊ द्यावं, चहा द्यावा, पण चार माणसांत बोलायला उभं करू नये. तो तीच गोष्ट काढेल आणि मासा आणखी वीतभर वाढवेल.

४. माझ्या मागे साधी बुद्धवंदना करावी, जेवणावळी नकोत. माझी पत्नी कोंडाबाई हिचा फोटो पिंकीनं न्यावा.

फोटोचं लिहिलं, आता तिच्या जाण्याचंही लिहितो, नाहीतर पुढचं कलम कोणाला समजणार नाही. तीन वर्षांपूर्वी मे महिन्यात ती दवाखान्यात होती. प्रबुद्ध विशाखापट्टणमला बंदरावर क्रेनच्या दुरुस्तीला आहे. त्याचा त्या आठवड्यात प्रमोशनचा इंटरव्ह्यू होता. त्यानं फोनवर विचारलं, "पप्पा, येऊ का?" मी म्हटलं, "अरे नॉर्मल आहे सगळं. तू इंटरव्ह्यू दे." डॉक्टरनं मला तोवर सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी पहाटे ती गेली. उन्हाळा होता, भावकी म्हणाली थांबायला नको, मीही थांबलो नाही. दुपारी इंटरव्ह्यू आटोपल्यावर मी त्याला फोन केला, तेव्हा आम्ही स्मशानातून परत आलो होतो.

तो आला. फोटोपुढे बसला. मला एवढंच म्हणाला, "पप्पा, मला विचारायचं तरी होतं." प्रमोशन त्याला मिळालं. त्याचे पेढे त्यानं वाटले नाहीत. त्यानंतर आमचं बोलणं म्हणजे तब्येत कशी, ठीक, पाऊस आहे का, नाही.

५. रीळ. वकील म्हणतात, जी वस्तू देऊन टाकली ती मृत्युपत्रात येत नाही. नसेल येत. मी लिहिणार.

गेल्या वर्षी एका रविवारी अकरा वाजता प्रबुद्धचा फोन आला. "पप्पा, इथं बीचवर लोक गळ टाकतात. मलाही टाकायचाय. रीळ कुठलं घेऊ? फिक्स्ड स्पूलच घेणार." या प्रकारात गळ फेकताना रीळ जागचं हलत नाही, दोरा समोरून सुटत जातो आणि ओढताना तारेची कमान भोवती फिरून तो गुंडाळते. मी जन्मभर तळ्यात हातानं दोरा ओढलेला माणूस. समुद्र मी रेल्वेच्या पासवर दोनदा पाहिला. पण त्यानं विचारलं ना! मी म्हटलं, "पुढच्या रविवारी सांगतो."

मग मी मशीनवर पडल्या पडल्या मोबाइलवर रिळंच बघायला लागलो. नर्स सुनंदा म्हणायची, "अंकल, लोक इथं झोपतात, तुम्ही शाळा करता." दर रविवारी अकराला त्याचा फोन यायचा. तो एक रीळ सांगायचा, मी त्याची खोड काढायचो. एकाचं अंग प्लास्टिकचं, ओढ बसली की पिळणार. एकाची मूठ घडीची, ती सहा महिन्यांत खुळखुळणार. एकाचा ड्रॅग, म्हणजे मासा पळाला तर दोरा बेताबेतानं सोडणारा ब्रेक, मागच्या बाजूला. मी म्हटलं, पुढचाच घे, त्याच्या चकत्या मोठ्या असतात. खारं पाणी बेअरिंगमध्ये जाऊ नये म्हणून काय करायचं यावर तर आमचे दोन रविवार गेले. तो हसायचा. म्हणायचा, "पप्पा, तुम्ही पण ना, रिळात इंजिन शोधताय." त्याला हसताना ऐकून किती दिवस झाले होते!

खरं सांगतो, त्यातली दोन-तीन रिळं चांगली होती. मीच खोड काढली, कारण रीळ ठरलं की रविवार संपणार हे मला कळत होतं.

आणि तरीही मी माती खाल्ली. फेब्रुवारीत माझी तब्येत फार बिघडली. मला वाटलं, आपण गेलो तर पोराचं रीळ राहून जाईल. जरा उठून बसता आल्यावर ऑटो केली आणि नामपल्लीकडच्या दुकानात गेलो. म्हटलं, समुद्रासाठी सगळ्यात मजबूत दाखवा. दुकानदार म्हणाला, "चाचा, काठी कितने फुट की है? बेटे कू पूछ लो पहले. काठी हलकी रही तो ये भारी पडता." मी म्हटलं, "हौ, मालूम है मेरे कू." काही मालूम नव्हतं. इतके रविवार बोललो, पण त्याची काठी केवढी हे मी एकदाही विचारलं नव्हतं. सगळ्यात मोठं, सगळं धातूचं, हातात घेतलं की मनगट खाली जाईल असं रीळ घेतलं आणि कुरिअरनं पाठवून दिलं. त्याला फोनसुद्धा केला नाही. म्हटलं, खूश होईल.

त्याचा मेसेज आला, "मिळालं पप्पा. छान आहे." त्या रविवारी अकरा वाजले, साडेअकरा वाजले. फोन आला नाही. पुढच्या रविवारीही नाही. तिसऱ्या रविवारी मीच केला. "रीळ कसं चाललंय?" "चांगलं." "मासा?" "नाही अजून." मग मी फोन ठेवला.

पुढं पिंकीनं सांगितलं. त्याची काठी नऊ फुटी, हलकी. त्यावर हे रीळ लावलं तर काठी मुठीकडेच ओढली जाते, दहाबारा वेळा फेकलं की हात भरून येतो. ते खोक्यात घालून कपाटावर ठेवलंय. दुसरं तो घेत नाही, कारण पप्पांना वाईट वाटेल. मी पिंकीवरच डाफरलो. म्हटलं, मग त्यानं तोंड उघडायचं होतं, मी काय त्याचा वैरी आहे? ती म्हणाली, "पप्पा, तो तुम्हाला नुसतं विचारत होता. घेऊन द्या कुठं म्हणाला होता?"

बाप काळजीपोटी करतो हे सांगून मी पुष्कळदा सुटलो आहे. या वेळी सुटता येत नाही. तेव्हा लिहून ठेवतो की, ते रीळ प्रबुद्धनं विकावं, कोणाला द्यावं, समुद्रात टाकावं. मला वाईट वाटणार नाही. वाटलं तरी तेव्हा मी नसेन.

६. घर. सीताफळमंडीतलं दोन खोल्यांचं, माझ्या एकट्याच्या नावावर. या कलमावर वकील तीन आठवडे अडून बसले आहेत. पिंकी म्हणते, मला नको, दादाला द्या. पण प्रबुद्धला इथं परत यायचंय का? विकायचंय का? आईचं घर म्हणून ठेवायचंय का? मला माहीत नाही. मी लिहायला बसलो, "घर प्रबुद्धला" असं लिहिलं, आणि खोडलं. एवढं एक तरी त्याला विचारून करू.

म्हणून आज रविवारी, साक्षीदार यायच्या आधी, अकरा वाजता मी फोन लावला. काय विचारायचं ते पाकिटाच्या पाठीवर लिहून समोर ठेवलं होतं. त्यानं लगेच उचलला.

"पप्पा? तब्येत?"

"ठीक."

"मशीन?"

"चालू आहे."

मी पाकिटावरचं वाचलं. मनात नीट वाचलं. मी म्हटलं, "जेवलास का?"

"पप्पा, अकरा वाजलेत."

"हौ. ते पण आहेच."

फोनमध्ये घूं असा आवाज येत होता. मागे समुद्र असेल, नाहीतर पंखा असेल. मग म्हणाला, "ठेवू?"

मी म्हटलं, "ठेव."

वकील म्हणतात, कलम कोरं सोडलं तर घर कायद्यानं दोघांत वाटलं जाईल, आणि मृत्युपत्रात प्रश्न विचारायची पद्धत नाही, कारण हे वाचलं जाईल तेव्हा उत्तर ऐकायला लिहिणारा नसतो. कळतं मला. एवढं डोकं ठिकाणावर आहे हे वरच लिहिलंय. तरी वकिलांनी या कलमात एक अक्षर बदलू नये.

प्रबुद्ध, घराचं काय करू रे?

हा कागद मी वाचून, समजून, दोन्ही साक्षीदारांच्या डोळ्यांदेखत सही करून पुरा केला.

सही : निवृत्ती केरबा सोनकांबळे

साक्षीदार :
१. एकनाथराव माणिकराव शिंदे, शेजारी, सीताफळमंडी
२. सुनंदा यादगिरी, नर्स, चिक्कडपल्ली

स्थळ : सिकंदराबाद
दिनांक : १६ नोव्हेंबर २०२५, रविवार