दहापैकी दोन

२ सप्टेंबर, सोमवार

रेडिएशनची पहिली बैठक झाली. बैठक म्हणतात, पण बसायला कुणी देत नाही. फळीवर उताणं झोपायचं आणि दोन्ही हात डोक्यामागे न्यायचे — चोरी करताना सापडल्यासारखे. ऑपरेशन झालेल्या बाजूचा हात वर जात नाही. तो दुसऱ्याच कुणाचा असावा तसा धरून हळूहळू मागे नेतात. छातीवर मागच्या आठवड्यात निळ्या रेघा मारून ठेवल्यात. सव्वीस वर्षं मी फळ्यावर कोन काढले, आता माझ्यावर काढलेत. त्यातली एक रेघ वाकडी आहे. मी काही बोलले नाही.

मशीनवाला मुलगा सारखा 'हलू नका' म्हणतो आणि स्वतः मात्र पळत बाहेर जातो. जाताना हातभर जाडीचं दार लावून घेतो आणि मग आतल्या स्पीकरवरून सांगतो, काही होत नाही! त्याचं नाव मी हलूनका ठेवलं आहे.

एकूण पंचवीस. राहिल्या चोवीस.

३ सप्टेंबर, मंगळवार

आज आकडेबाई भेटली. नर्स आहे. हातात फाइल घेऊन सगळ्यांना एकच प्रश्न विचारते — वेदना किती, शून्य ते दहा? शून्य म्हणजे अजिबात नाही, दहा म्हणजे असह्य.

मी विचारलं, असह्य कुणाला? बाळंतपणाचे किती धरायचे? दाढदुखीचे? काही निकष? ती म्हणाली, तुम्हाला वाटेल तो आकडा सांगा. वाटेल तो! असा पेपर मी जन्मात तपासला नाही.

माझ्या हातून गणितात दहापैकी दहा सव्वीस वर्षांत चार जणांना मिळाले. त्यातल्या एकाचे मला अजून जास्त वाटतात. खांदा ठणकत होता, पण ठणकण्यात विशेष काही नव्हतं. विचार करून दोन दिले.

५ सप्टेंबर, गुरुवार

ताई येऊन चार दिवस झाले. माझी मोठी बहीण. पाच आठवडे राहणार, घर बघणार, असं तिनेच जाहीर केलं. घर ती बघतेच, पण माझ्याकडे जास्त बघते. तीस वर्षं टेलिफोन खात्यात लोकांच्या तक्रारी ऐकून घेतल्या, आता माझी ऐकते. कधीपासून दुखतं? सतत की अधूनमधून? ठणकतं की टोचतं? मशीनखाली भीती वाटते का? कपडे किती काढायला लावतात? बाईमाणूस असतं का आत?

चौकशी आयोग नुसता! मी सगळ्याला एकच उत्तर देते — काही नाही गं, उन्हात पडल्यासारखं. आकडा विचारला तर दोन.

ताईला सुई बघून चक्कर येते. लहानपणी लस टोचायला न्यायचे तेव्हा आधी मला पुढे करायचे, मी रडले नाही की मग ती हात पुढे करायची. त्या घरात धीट मी. ते पद मी सोडलेलं नाही.

९ सप्टेंबर, सोमवार

सहावी. फळीवर वेळ जायला एकोणतीसचा पाढा म्हणते. मनात, कारण ओठ हलले तरी स्पीकर बोलतो. एकोणतीस आठे दोनशे बत्तीसला खांद्यातून कळ निघते आणि मग पाढा विसरतो. पुन्हा पहिल्यापासून.

समोरच्या घरातली भेटायला आली होती. तू फायटर आहेस म्हणाली. मी नुसती पडून असते, जे काय लढायचं ते मशीन लढतं. पण तिला तसं सांगितलं तर तिच्या हातातली फुलं वाया गेली असती.

१२ सप्टेंबर, गुरुवार

आमच्या ह्यांनी आज फोनवर कुणाला तरी सांगितलं, "आपल्या नऊ झाल्या." आपल्या! ह्यांची फळी कुठल्या खोलीत असते ते विचारायला हवं.

माणूस वाईट नाही. रोज गाडीतून नेतात, दार उघडतात, वेटिंग रूममध्ये त्याच त्या जुन्या मासिकातलं शब्दकोडं सोडवतात. काल तिरकं काही बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं, ते मी पाहिलं. सत्तावीस वर्षं भांडतोय आम्ही. आता भांडत नाहीत, ह्याची मला जास्त धास्ती वाटते.

१६ सप्टेंबर, सोमवार

अकरावी. कातडी लाल झाली. निळ्या रेघांच्या आत अगदी चौकोनी लाल. काम स्वच्छ आहे हे मान्य करायला हवं.

खाज. खाजवायचं नाही. साबण नाही, पावडर नाही, सेंट नाही, आतले घट्ट कपडे नाहीत. डाव्या बाजूने झोपायचं नाही. चांगल्या गोष्टींचा विचार करायचा, हेही छापील कागदावर आहे, सहाव्या नंबरला, साबणाच्या खाली.

आज एक गोष्ट घडली. माझ्या आधी जिचा नंबर असतो ती पिवळ्या पिशवीवाली. तिने आकडेबाईला सरळ सात सांगितले. आत डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि तिची बैठक आठ दिवस बंद! ती बाहेर येऊन रडली. मी तिची पाठ थोपटली आणि मनात ठरवलं — बाई गं, सात म्हणायचं नाही.

१८ सप्टेंबर, बुधवार

इथे तरी खरं लिहिते. मला दुखण्याची भीती नाही. मला मशीन थांबण्याची भीती आहे. मशीन थांबलं, मध्ये चार दिवस गेले, आणि तेवढ्यात ते परत आलं तर? आत कुठेतरी एक कण उरला असेल आणि तो सुट्टीचीच वाट बघत असेल तर? ही भीती ह्यांना सांगितली तर ते इंटरनेटवर बसतील. ताईला सांगितली तर ती आडवी होईल.

म्हणून दोन.

२० सप्टेंबर, शुक्रवार

छातीखाली जिथे घडी पडते तिथे आणि काखेत, जळतं. चटका बसल्यावर नळाखाली हात धरतो, तसं सारखं नळाखाली जावंसं वाटतं. स्वयंपाकघरात थंड पाण्याचं फडकं करून ठेवलंय, कुणी नसलं की आत सरकवते. हात अंगाला लागू नये म्हणून कमरेवर ठेवून चालते. खालच्या मजल्यावरची विचारत होती, कुणाशी भांडायला निघालात?

आकडेबाई : किती? मी : दोन. तिने माझ्या कमरेवरच्या हाताकडे पाहिलं आणि दोन लिहिलं.

२१ सप्टेंबर, शनिवार

ताईने आज जेवताना विचारलं, हात वर करताना जास्त दुखतं की खाली आणताना? हा काय प्रश्न झाला! मी म्हटलं, तू परीक्षा देणार आहेस का? ती ताटातल्या पोळीचे तुकडे करत बसली.

मग म्हणाली, "सहज विचारलं."

२३ सप्टेंबर, सोमवार

सोळावी. कातडी फुटली. सदरा चिकटला आणि न्हाणीघरात पाणी ओतून ओतून सोडवला. तोंडात टॉवेल धरला होता. एकोणतीसचा पाढा एकोणतीस दुणेच्या पुढे गेला नाही.

दोन सांगितले.

२४ सप्टेंबर, मंगळवार

मंगळवार तपासणीचा. गाऊन उघडला, डॉक्टरीणबाईने जखम बघितली. मग फाइल बघितली. सगळीकडे माझे दोन, एका खाली एक. मग आकडेबाईकडे बघितलं, मग माझ्याकडे. माझ्या जुन्या विद्यार्थिनीच्या वयाची बाई, पण अशी बघत होती की मी बाकावर उभी आहे असं वाटलं.

"हे दोन आहे?"

मी सांगायला गेले की माझी तपासण्याची पद्धत जरा कडक आहे. आख्ख्या आयुष्यात सहाच्या वर मी फारशी जात नाही. ती म्हणाली, तुमचा आकडा बघून मी औषध ठरवते, आकडा खोटा असेल तर मी आंधळी. आणि मशीन थांबवायचं की नाही ते मी ठरवणार, तुम्ही नाही. मी विचारलं, मध्ये गॅप पडला आणि ते परत आलं तर? तेव्हा तिचा आवाज उतरला. खुर्ची ओढून बसली आणि समजावून सांगितलं. दोन दिवसांच्या सुट्टीने काही बिघडत नाही, ते दिवस पुढे जोडून घेतात. पिवळ्या पिशवीवालीला ताप होता, म्हणून आठ दिवस.

आठ दिवस बसून मी एका तापाला घाबरले!

गोळ्या दिल्या. मलम दिलं, चिकटत नाही अशी पट्टी दिली. पट्टी लावली आणि पंधरा मिनिटांनी मी वेटिंग रूममध्ये रडले. दुखून नाही. थोडं कमी झालं म्हणून.

२५ सप्टेंबर, बुधवार

सुट्टी. ताईला सांगितलं मशीन दुरुस्तीला काढलंय. ह्यांनाही तेच सांगायला लावलं. हे म्हणाले, कशाला? मी म्हटलं, तिला झेपत नाही. ते फुगून गप्प बसले. हे गप्प बसणं मात्र आजारपणाआधीचं होतं. बरं वाटलं.

ताई काही कामाला म्हणून दुपारभर बाहेर होती. घर शांत. पट्टीवर थंड पिशवी ठेवून निवांत झोपले. आयोग रजेवर!

२७ सप्टेंबर, शुक्रवार

अठरावी. आकडेबाईने विचारलं. मी सहा म्हटलं. तिने पेन खाली ठेवून माझ्याकडे पाहिलं. माझ्या वर्गात सहा मिळाले की पोरं घरी पेढा मागतात, असं मी तिला म्हटलं. पहिल्यांदा हसली ती. तिने लगेच आत जाऊन गोळी आणून दिली. इतकं सोपं होतं. तीन आठवडे मी टॉवेल चावला.

घरी ताईने विचारलं. दोन.

१ ऑक्टोबर, मंगळवार

विसावी. थकवा असा की कंगवा हातात घेऊन बसले आणि कशासाठी घेतला ते आठवलं नाही.

समोरची पुन्हा आली. किती छान दिसतेस, म्हणाली. कंगवा हातातच होता.

४ ऑक्टोबर, शुक्रवार

तेवीस. हलूनका आज म्हणाला, "संपत आलं की मॅडम." फळीवरून उठताना त्याने हात दिला. नियमात नसावं. त्याची ती वाकडी रेघ शेवटी मी त्याला दाखवली. वाकडी नाही म्हणाला, बरगडी वाकडी आहे. मान्य केलं.

७ ऑक्टोबर, सोमवार

चोवीस.

संध्याकाळी ताई पट्टी बदलायला मदत करते म्हणाली. आजवर मी तिला दाराबाहेर ठेवलं होतं. आज दमले होते, म्हटलं, ये. तिने बघितलं. मला वाटलं पडणार ही आता. पडली नाही. मलम बोटावर घेतलं आणि माझ्यापेक्षा हलक्या हाताने लावलं. पट्टी बसवली, कडा दाबल्या. मग पलंगाच्या कडेवर बसली आणि बोलली.

तिच्या डाव्या बाजूला गाठ आहे. जूनपासून हाताला लागत होती. माझ्या ऑपरेशनच्या आधीपासून! मला त्यात अजून काय सांगायचं, म्हणून गप्प. मग भीती वाटली म्हणून गप्प. त्या सुट्टीच्या दिवशी कामाला म्हणून गेली ती तपासायला. शुक्रवारी रिपोर्ट आला. येत्या आठवड्यात ऑपरेशन, मग हेच सगळं. फळी, रेघा, पंचवीस की तीस, अजून ठरायचंय.

मी म्हटलं, इतके दिवस नाही गेलीस, मग आता कशी गेलीस? ती म्हणाली,

"तू म्हणालीस ना दोन. रोज विचारत होते, रोज दोनच. म्हटलं, दोन असेल तर मला जमेल. म्हणून तर गेले गं."

आणि मग पट्टीच्या उघड्या डब्याकडे बघत, "दोन नाहीये ना हे?"

दोनच आहे म्हणता येईना. नाही म्हणता येईना. दोन नाही म्हटलं आणि ती ऑपरेशनला गेलीच नाही तर? मी तिचा हात धरून बसले. पाच आठवडे ती स्वतःसाठी विचारत होती आणि मी इथे बसून तिची टिंगल लिहीत होते. लाज वाटली. भीती त्याहून जास्त वाटली. स्वतःच्या वेळी वाटली नव्हती एवढी.

८ ऑक्टोबर, मंगळवार

पंचवीस झाल्या.

ताई, ही वही तुझ्या उशाशी ठेवते आहे. तुझ्याबद्दल बरंच वाईटसाईट लिहिलंय, खोडलेलं नाही. कुठल्या दिवशी काय आणि किती दुखलं ते आत आहे, आणि कशाने कमी झालं तेही. तुला तोंडाने सांगितलं ते खोटं होतं. हे खरं आहे. फळीपर्यंत मी येते, दारापाशी उभी राहीन. मागची पानं कोरी आहेत. आकडा खरा लिही.