आकडीच्या गोळ्यांची बाटली

३ मे

परदेशी लेकीकडे जायचं सामान भरून झालं. ह्यांच्या आकडीच्या गोळ्या, माझ्या कॅल्शियमच्या — सगळ्या पाकिटांतून सोलून काढल्या, धुतलेल्या बाटल्यांत भरल्या, स्वच्छ अक्षरात चिठ्ठ्या डकवल्या. पाकिटांचा पसारा बॅगेत कशाला? पाकिटं कचऱ्यात गेली, डॉक्टरांचा कागद कपाटात राहिला.

ह्यांनी विचारलं, "अगं, तिकडच्या कस्टमवाल्यांना चालेल ना असं?"

म्हटलं, "तुम्ही जन्मभर बसच्या कंडक्टरलासुद्धा भ्यालात. गप्प बसा."

५ मे, विमानात

उतरण्याआधी भरायचं कार्ड हातात पडलं. आकडीची, झोपेची औषधं मूळ पाकिटात आणि डॉक्टरांच्या पत्रासह हवीत. नाहीतर जप्ती, अटकही होऊ शकते. खाली प्रश्न: अशी औषधं जवळ आहेत का? हो / नाही. पुन्हा वाचलं. लेक फोनवर सांगत होती, "आई, एकदा नियम बघून घे." मी तिला म्हणाले होते, मला शिकवू नकोस.

हे म्हणाले, "'नाही'वर खूण कर. कोण बघतंय?"

"मी खोटं लिहिणार नाही."

"मग बेड्या जरा सैल माग. प्रवासात तुझे हात सुजतात."

'हो'वर खूण केली. हे दात घासायला गेले — ब्रश औषधांच्याच पिशवीत, म्हणून पिशवी घेऊन गेले — ते लवकर येईनात. भीतीनं पोट बिघडलं असणार. मला वर त्यांचंही बघायला हवं!

६ मे, लेकीचं घर

काल लिहवलं नाही. विमानतळावर कस्टमच्या लाल पाटीखालच्या टेबलावर हातमोजे घातलेल्या बाईंनी माझ्या बाटल्या ओळीनं मांडल्या. माझी कॅल्शियमची बाटली अर्धीच दिसली. तेव्हा त्याचा विचार करायचं भान नव्हतं.

"हे अक्षर कुणाचं?"

"माझं."

"यात काय आहे?"

"ह्यांच्या आकडीच्या गोळ्या."

"भरल्या कुणी?"

"मीच."

हे शेजारी शाळेतल्या मुलासारखे हात बांधून उभे. ती बाटली मोहोरबंद करून तपासणीला गेली, माझा पासपोर्ट त्यांच्याकडे राहिला. गोळ्या त्याच निघाल्या तर पुढची कारवाई. त्याच निघणार. मीच नाही का भरल्या?

आणि ह्यांना गोळी नाही. मागे दोनच दिवस चुकली होती, तर न्हाणीघरात पडले, जीभ दाताखाली चिरली. इथल्या डॉक्टरची वेळ मंगळवारची. जावई म्हणाले, "काही झालं तर लगेच अँब्युलन्स बोलावू, आई." काही झाल्यावर!

न्हाणीघराची कडी लावायची नाही, असं ह्यांना बजावलंय. मी बाहेर खुर्ची टाकून बसते.

"आत काय करताय?"

"पळून चाललोय. खिडकी लहान पडते."

७ मे

दारापुढे गाडी थांबली. पोलीस वाटले. शेजाऱ्याकडे पाहुणे आले होते. ते आत जाईपर्यंत मी पडद्याआडून बघत होते.

८ मे

ह्यांच्या हातून कप पडला. नुसता कपच.

९ मे, सोमवार

कस्टमच्या बाईंचा फोन. पासपोर्ट घेऊन जा. गोळ्या कॅल्शियमच्या निघाल्या. "पुढच्या वेळी चिठ्ठी नीट लिहा."

हे गॅलरीत नखं कापत होते. विचारलं, तर मान वर न करता म्हणाले, "खऱ्या विमानातच संडासात सोडल्या. तू खोटं बोलायची नाहीस, आणि बाटली रिकामी ठेवली असती तर आरडाओरडा केला असतास. म्हणून तुझ्यातल्या ओतल्या. दोन्ही पांढऱ्याच."

"आणि आकडी आली असती तर?"

"तू होतीस ना दाराशी."

डॉक्टर उद्या. हे अंघोळीला गेलेत. मी खुर्चीवर आहे. कडी लावलेली नाही.