चिमूट

३ मार्च, सोमवार
नवी नोकरी, नवी खुर्ची आणि खिडकीसमोर लिफ्ट-तपासणीचा उंच मनोरा! दोन लिफ्ट शेजारी शेजारी. लिफ्ट कुठल्या क्षणी किती उंचीवर असेल, ते आमचा प्रोग्रॅम समीकरणं सोडवून काढतो. उंची अधिक आहे तोवर उतरायचं; अधिकची उणे झाली की ब्रेक. तळ म्हणजे शून्य. डावी लिफ्ट चालवणारे काका रोज तळाशी बसून डबा खातात. म्हणाले, बाईसाहेब, तुमचं शून्य म्हणजे आमचं जेवणघर, तेवढं सांभाळा.

५ मार्च, बुधवार
आधीच्या बाईंचा प्रोग्रॅम म्हणजे नुसता पसारा. एका ठिकाणी सुरुवातीच्या उंचीत विनाकारण बारीकसा आकडा मिसळलाय, शेजारी शेरा : ‘चिमूट. राहू द्या.’ साहेब हसले. म्हणाले, त्या भाजीतही मीठ दोनदा घालायच्या. मी चिमूट काढून टाकली. दोनशे चाचण्या घेतल्या, दोनशेही वेळा ब्रेक लागला. घर झाडून काढल्यासारखं वाटलं.

१० मार्च, सोमवार
काका म्हणतात, तळाचा उंबरठा बोटभर खाली गेलाय, दोनदा ठेच लागली. मी म्हटलं, चप्पल बदला. त्यावर म्हणे, चप्पल नवीच आहे, जमीन जुनी झालीय. खूप हसलो.

१२ मार्च, बुधवार
दुपारी काका डबा घेऊन उतरले. ब्रेक लागला नाही. आदळल्याचा आवाजही नाही. वरून दिवा सोडून पाहिलं : खाली कोरडं काँक्रीट, लिफ्ट नाही. दोर मात्र ताठ, काँक्रीटमध्ये शिरलेला, जणू तिथे जमीनच नाही. रीळ फिरतंच आहे. पडद्यावर उंची उणे ४१२ मीटर.

मागचे आकडे उलगडले. तळापाशी दशांशांची शेपटी तोडता तोडता उत्तर नेमकं शून्य आलं होतं. शून्य ना अधिक, ना उणे. पुढे उणे आलं, पण ते शून्यातून; ‘अधिकची उणे’ झालीच नाही. प्रोग्रॅमच्या लेखी काका अजून तळाला पोचलेलेच नाहीत. नेमकं शून्य कधी येऊ नये, यासाठीच ती चिमूट होती.

मी काढली.

१३ मार्च, गुरुवार
लिफ्टची वीज तोडली. आकडा तरीही उतरतोय. उणे ९,०००. लिफ्टमधला फोन वाजला. काका शांत होते. म्हणाले, आज तळ यायला वेळ लागतोय, बाईसाहेब. डबा अजून गरम आहे. इकडे काकू ऑफिसबाहेर बसून आहेत. मी त्यांना काय सांगू?

१४ मार्च, शुक्रवार
तळाला जिना नाही. उजव्या लिफ्टने उतरायचं, दोन लिफ्टमधल्या भिंतीत तळाशी झडप आहे, तिच्यातून हात घालून काकांच्या दोराला लोखंडी चिमटा लावायचा. कुणी तयार नाही. काढली मी, जाणार मी. हिशेब ताडता यावा म्हणून वजन काकांइतकंच केलंय : मी आणि वाळूच्या दोन पिशव्या. चिमूट परत घातली. मूळ आकड्यात दशांशचिन्हापुढे किती शून्यं होती, आठवेना. जितकी बारीक तितकी बरी, म्हणून अठरा घातली. काकूंनी पाण्याची बाटली हातात दिली.

लिफ्टमध्ये
वही सोबत आहे. तीस मीटर. सगळं ठीक.

वीस. फोन वाजतोय. काका म्हणतात, तुमचा आवाज जवळून येतोय —

अठरा शून्यं. मशीन सोळाच आकडे धरतं. तीस मीटरांत माझी चिमूट — मिसळलीच नाही. तोडून टाकली असणार —

पाच. दोन. थांबायचं बटण दाबतेय, दाबतेय —

शून्य. नेमकं

झडप वर गेली. हात पोचला नाही —

काका विचारताहेत, बाईसाहेब, तळ आला का? काय सांगू — डब्याचा वास येतोय, खालून — मी त्यांना म्हणाले, काका, अजून थोडं —