न्हाणीच्या दारातलं पोतं

आबा,

तुमची नात आलीये. तुम्ही गेलात त्याच्या पुढल्या वर्षी ती झाली, त्यामुळे ओळख करून द्यायला हवी. सत्तावीस वर्षांची आहे, उंचीला तुमच्यावर गेलीये, मराठी बोलता बोलता मध्येच इंग्रजीत शिरते, आणि सैन्यात आहे. आपल्या नव्हे, ब्रिटनच्या. कुवेतच्या शाळेत शिकलेल्या भारतीय मुलीला त्यांच्या फौजेत घेतात, हे मलाही सात वर्षांपूर्वी माहीत नव्हतं. एके काळी त्यांचं राज्य होतं त्या देशांची मुलं त्यांना चालतात म्हणे. तुमचे थोरले चुलते गोऱ्यांच्या पलटणीतून बसऱ्यापर्यंत आले होते, ते बसरा इथून फार लांब नाही. फिरून फिरून भोपळे चौकात, असं तुम्ही म्हणाला असतात आणि मिशीतल्या मिशीत हसला असतात.

आज शुक्रवार, सुट्टी. मायलेकी शहरात दस्मान भागात माझ्या बायकोच्या मैत्रिणीला भेटायला गेल्यात आणि मी कुवेतमधल्या मंगफच्या या फ्लॅटमध्ये एकटा बसलोय. बाहेर ऊन धुळीनं भरलंय. समुद्र कुठे संपतो आणि आभाळ कुठे सुरू होतं ती रेघच आज पुसून गेलीये. एसी एका सुरात घुमतोय. मधूनच डोळा लागतो, उघडतो, आणि दर वेळी आधी आपलं गावचं स्वयंपाकघर दिसतं, कोपऱ्यातली न्हाणी, शहाबादी फरशी, चुलीपाशी आई. मग हळूहळू त्यातून हा सोफा आणि हे टेबल वर येतं. टेबलावर तिचे कागद पडलेत. नोकरीचा करार पुढे वाढवायचा की नाही, ते तिला परत गेल्यावर कळवायचंय. सोमवारचं विमान आहे.

त्यात जास्त कागद पेन्शनचे आहेत. पेन्शन म्हटलं की मला नोव्हेंबर महिना आठवतो. तुम्ही कडक इस्त्रीचा सदरा घालून तालुक्याला हयातीचा दाखला द्यायला निघालेले. आई विचारते, "कुठं निघाला एवढं नटून?" तुम्ही चपला पुसत म्हणता, "जित्ता हाय म्हणून सरकारला सांगून येतो." दर वर्षी तोच प्रश्न आणि तेच उत्तर, आणि दर वर्षी आई पदर तोंडाला लावून हसायची. तुमचं सगळं सरळ होतं. ठरलेली वर्षं भरली, घरी आलात, पेन्शन सुरू झाली. हिच्या फौजेत तसं नाही. त्यांच्याकडे पूर्वी पेन्शन शेवटच्या पगारावर ठरायची. मग योजना बदलली, आता नोकरीतल्या प्रत्येक वर्षाचा पगार धरतात. बदलताना वयानं मोठ्यांना जुन्या योजनेत राहू दिलं आणि धाकट्यांना नव्यात ढकललं, त्यावरून कोर्टकचेऱ्या झाल्या. आता तिच्या आधी भरती झालेल्या लोकांना विचारतात, त्या वादातल्या वर्षांपुरतं जुनं घेता की नवं? हिला कोणी काही विचारत नाही, कारण ही आली तेव्हा नवंच होतं. आत्ता सोडलं तर जमलेली पेन्शन म्हातारपणीच हातात पडणार. वीस वर्षं पुरी करून चाळिशी गाठली, तर मात्र बाहेर पडल्या पडल्या महिन्याला काहीतरी सुरू होतं. तिची सात झालीत, तेरा उरलीत.

मी विचारलं, कशी असते तुझी नोकरी, तर ती हसली. बंदूक घेऊन धावायचं ते सरावापुरतं, एरवी तिचं काम कोठारातलं. कोणाला कुठले बूट, कुठला तंबू, कुठे काय पाठवायचं ते बघायचं. सात वर्षांत चार छावण्या झाल्या. अंगात मुरणारी थंडी, आडवा पाऊस, रविवारी दुपारी इस्त्रीच्या टेबलाभोवती गप्पा मारणाऱ्या मैत्रिणी, नेपाळी स्वयंपाक्यानं तिच्यासाठी मुद्दाम जास्त तिखट केलेली डाळ. मावसबहिणीच्या लग्नाला येता आलं नाही, हिनं मोबाइलवर बघतच अक्षता टाकल्या. हे सगळं ती तक्रारीनं सांगत नाही. तुमच्यासारखीच सांगते, म्हणजे त्रास झाला त्याच गोष्टीवर सगळ्यात जास्त हसते.

काल संध्याकाळी आम्ही दोघं इथल्या समुद्रावर गेलो होतो. तिनं चपला काढून हातात घेतल्या आणि पाण्यात शिरली. "बाबा, या ना! वाळूत चालणं तर तुमच्या फ्लॅट फीटला चांगलं असतं." मी बूट घालूनच काठावर उभा. म्हटलं, नको, वाळू चावते पायाला. तिनं फार आग्रह केला नाही, तिला सवय आहे. बापाचे पाय सपाट आहेत, म्हणून बाप अनवाणी चालत नाही, हे तिला अक्षरओळखीच्या आधीपासून माहीत आहे. पाण्यातून बाहेर येऊन ती सिमेंटच्या कट्ट्यावर चढली आणि मागे वळून स्वतःच्या ओल्या पावलांकडे बघत म्हणाली, "हे बघा, माझा आर्च. आम्हाला पहिल्याच आठवड्यात चेक करायला शिकवतात. आजोबांचा असाच असणार ना?" मी म्हटलं, असाच होता. मग ती कट्ट्यावर बसली आणि पाय हलवत समुद्राकडे बघत राहिली.

"बाबा, मी दमलेय. म्हणजे बॉडी नाही दमली. मला एक घर पाहिजे, जिथले पडदे मी स्वतः घेतलेत. जिथे सकाळी कोणी इन्स्पेक्शनला येत नाही."

"मग सोड की. कोणी धरून ठेवलंय?"

"कसं सोडू? तुम्हाला एवढं जायचं होतं आणि पायांमुळे घेतलं नाही. आजोबांना किती वाईट वाटलं असेल. ट्वेंटी इयर्स मी करणार. तुमच्या दोघांच्या वतीनं."

माझ्या तोंडात शेंगदाणे होते, ते तसेच राहिले. पलीकडे एक मल्याळी कुटुंब फोटो काढत होतं, त्यांनी मला मोबाइल धरायला दिला आणि मी त्यांचे चार फोटो काढले. तेवढ्यात बोलायची वेळ निघून गेली. तिची पावलं कट्ट्यावर वाळून गेली.

आबा, आता ऐका. भरतीच्या दिवशी पहाटेच्या एसटीनं तुम्ही मला जिल्ह्याला धाडलंत. आईनं दशम्या बांधून दिल्या, तुम्ही खांद्यावर हात ठेवून एवढंच म्हणालात, "छाती फुगीव, खाली बघू नको." मी मैदानाच्या फाटकापर्यंत गेलो. आत चड्डीवरची पोरं कागद दातात धरून रांगेत उभी होती, आणि एक जण शिट्टी वाजवत त्यांना मेंढरांसारखं पुढे सरकवत होता. माझे पाय फाटकातून आत गेले नाहीत. लढाईची भीती नव्हती. त्या शिट्टीबरोबर पुढची सगळी वर्षं सरकायचं, ते मला नको होतं. मी स्टँडवर जाऊन बसलो आणि दिवसभर तिथेच दशम्या खाल्ल्या. भरतीतून परतलेला एक पोरगा बाकावर रडत होता, त्याला पाय सपाट म्हणून काढलं होतं. मी त्याचं कारण उचललं आणि दिवेलागणीला घरी येऊन तुमच्यापुढे ठेवलं.

दुसरं कुठलंही कारण चाललं असतं हो! छाती कमी भरली, दम लागला, डोळे अधू निघाले. पण तुम्ही फौजेत कोण होतात? भरतीच्या दवाखान्यातले मदतनीस. तीन वर्षं तुमचं कामच ते होतं, पाण्याच्या घमेल्यात पोराचा पाय बुडवायचा, त्याला कोरड्या सिमेंटवर उभा करायचा आणि उमटलेलं पाऊल वाचायचं. जेवताना किती वेळा सांगितलं होतंत आम्हाला. "पाऊल पुरतं उमटलं की गडी बाद. मधी जमीन कोरडी ऱ्हायली पायजे." आणि अशा माणसापुढे मी उभा राहून सांगतोय, पाय सपाट निघाले. तुम्ही माझ्या पायांकडे बघितलं, मग तोंडाकडे बघितलं. "असं का," म्हणालात आणि कंदिलाची काच पुसायला घेतलीत.

पुढच्या बाजारादिवशी मला चांभाराकडे नेलंत. माझ्या बुटात कातड्याच्या दोन जाड गाद्या बसवून घेतल्यात, पावलाच्या मधल्या भागाखाली, सपाट पायांच्या माणसाला लागतात तशा. पैसे देताना हसला नाहीत, रागावलाही नाहीत. खोट्याच्या कपाळी गोटा म्हणतात, माझ्या तो पायाखाली आला. चांगल्या पायाला ती गादी किती टोचते, ते मला विचारा. कुवेतला निघालो त्या दिवशी स्टँडवर मी त्या गुपचूप काढायला गेलो, तर तुम्ही मान हलवलीत. "ऱ्हाऊ दे. सवय झाली आसंल." दोन वर्षांनी तुम्ही गेलात. कंपनीनं पासपोर्ट हातात द्यायला आठवडा लावला आणि मी दहाव्याला पोचलो. गाद्या झिजल्या की इथल्या अब्बासिया भागातल्या चांभाराकडून नव्या करून घेतो. तोही आता कारण विचारत नाही.

इतकी वर्षं मी समजत होतो, गाद्या म्हणजे तुम्ही मला दिलेली शिक्षा. वरून मूग गिळून बसलात आणि आयुष्यभर टोचत राहील अशी व्यवस्था करून ठेवलीत. त्याचा मला राग होता. तुमच्या फोटोला हार घालतानासुद्धा होता, आज सांगून टाकतो. पण आज सकाळी अंघोळ करून बाहेर आलो, पायपुसण्यावर उभा राहिलो, आणि तिथून मला हलताच येईना. कारण मला आपल्या न्हाणीच्या दारातलं पोतं दिसत होतं.

भरतीच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ आहे ती. मी न्हाणीतून निघतो आणि ओल्या पायांनी स्वयंपाकघर ओलांडून दाराकडे जातो. तुम्ही उंबऱ्यावर चहा घेऊन बसलेले. माझ्या मागे शहाबादी फरशीवर पावलांची रांग उमटलीये. तुम्ही ती बघता आणि बशी खाली ठेवता. आई चुलीपाशी आहे, तिची पाठ आहे. तुम्ही उठून कोपऱ्यातलं पोतं घेता आणि माझी पावलं पुसत पुसत न्हाणीपर्यंत जाता. तिथेच ते दारात अंथरता. आई वळून विचारते, "हे पोतं कुनी टाकलं हितं?" तुम्ही म्हणता, "म्या. फरशी निसरडी झालीया." त्या दिवसापासून ते पोतं तिथून हललं नाही. वाकडं झालं की तुम्हीच सरळ करायचात. तुमच्या हातून दुसरं काही घरकाम झालेलं मला आठवत नाही. मला वाटायचं, म्हातारपण, दुसरं काय.

पोतं काय आणि गाद्या काय, त्यांनी तुम्ही माझी लाज झाकलीत की तुमची, ते मला अजून ठरवता येत नाही. दोन्ही असेल. पण रोज सकाळी वाकून तुम्ही ते सरळ करत होतात, हे आज कळलं आणि मी पायपुसण्यावर उभ्या उभ्या रडलो. मग बायकोनं स्वयंपाकघरातून विचारलं, पाणी आलं नाही का, तेव्हा डोळे पुसले.

तुम्ही झाकलंत ते मला पुरलं. तिला मात्र ते पुरणार नाही. माझ्या पायांपायी ती तेरा वर्षं त्या थंडीत काढायला निघालीये. खरं कळल्यावरही तिला राहायचं असेल तर खुशाल राहू दे, पण ते तिचं राहणं असू दे. मला भीती वाटते. सत्तावीस वर्षं ती मला एका नजरेनं बघत आलीये, ती नजर कदाचित आज जाईल.

ही चिठ्ठी तुम्हाला पोचायची नाही आणि मी ती तिलाही दाखवणार नाही, कारण यात एक गोष्ट फक्त तुमच्याजवळ बोलायची होती. त्या दिवशी स्टँडवर मला वाईट वाटत नव्हतं, आबा. फार हलकं वाटत होतं. दशम्या गोड लागत होत्या.

आत्ताच पुन्हा अंघोळ करून आलोय. पायपुसणं उचलून बाल्कनीत वाळत टाकलं. न्हाणीपासून टेबलापर्यंत फरशीवर माझी पावलं आहेत, मध्ये जमीन कोरडी राहिलेली. एसीत ती फार वेळ टिकायची नाहीत. लिफ्टचं दार वाजलं, दोघींचे आवाज येतायत. मी अजून पाय पुसलेले नाहीत.