पाणी न पिणाऱ्या बायका

प्रिय विसरभोळे,

गेल्या खेपेला छत्री विसरलीस, डबा विसरलीस, त्याचं मला नवल नाही. डोकं धडाला चिकटलेलं आहे म्हणून तेवढं घरी पोचतं. पण या वेळी माझ्या उशीशी एक फाइलही राहिली. आजीला अक्षर म्हणजे मुंग्यांची रांग, ती काय वाचणार, म्हणून निवांत असशील. अगं, मला वाचता येत नाही, वाचून घेता येतं. डायलिसिसच्या मशीनवरची ताई, जी आत्ता हे लिहून घेतेय, तिच्याकडून पानन् पान वाचून घेतलं.

आठवड्यातून तीनदा, चार-चार तास हातात दोन सुया घेऊन पडून असायचे. एका नळीतून रक्त बाहेर जायचं, दुसरीतून धुऊन परत यायचं. तेवढ्या वेळात करायचं काय, म्हणून ताईचं डोकं खायचे. किडन्या म्हणे मुठीएवढ्या, पाठीच्या बाजूला, शेवटच्या बरगड्यांआड. मला वाटायचं, त्या घाण तेवढी वेचून टाकतात. तसं नाही. कपाट आवरताना आपण आधी सगळं बाहेर ओढतो आणि मग कामाचं परत आत ठेवतो, तशी त्यांची रीत. पाणी, मीठ, साखर सगळं गाळून काढायचं, बहुतेक रक्तात परत घालायचं, नको ते लघवीत सोडायचं. दिवसभरात पिंपभर गाळतात आणि बाहेर पडते दीड बाटली. ती दोन नळ्यांतून खाली पिशवीत उतरते. पिशवी भरली की आपल्याला उठवते. आणि मी जन्मभर न उठण्याचीच हुशारी केली.

शिवणकारखान्यात आम्ही चाळीस बायका, संडास एक, किल्ली मुकादमाच्या खिशात. मागायला गेलं की तो घड्याळ बघायचा आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं हसायचा. म्हणून आम्ही सकाळपासून पाणीच पीत नसू. जळजळ झाली, ताप आला, कंबर धरली, की गोळी गिळायची आणि पुन्हा पायडल मारायचं. वर न उठण्याचा आमचा तोरा. संध्याकाळपर्यंत जी उठली नाही ती पक्की. मी बावीस वर्षं पक्की होते.

आणि तीच अक्कल तुला दिली. शाळेतला संडास घाण म्हणून रडायचीस, तेव्हा तुझी पाण्याची बाटली मीच अर्धी ओतून द्यायचे. आता तू तिकिटाच्या खिडकीत आठ तास बसतेस, दुपारपर्यंत घोटभरही पीत नाही म्हणून फोनवर सांगतेस, आणि मी शाबास म्हणते. मला न विचारता मला किडनी द्यायला निघालीस, हे फाइलीतून कळलं. पुढचंही कळलं. तुझ्या डाव्या किडनीवर जुन्या संसर्गाचे व्रण, लघवीतून प्रथिनं जातात, देता येणार नाही, ताबडतोब उपचार घ्यावेत. तारीख तीन महिन्यांपूर्वीची, आणि उपचाराचा कागद एकही नाही. ताई तिथे अडखळली. मी म्हटलं, “वाच गं, ही माझीच शिवण आहे.”

आता मुद्द्याचं. सोमवारी मी मशीनवर शेवटची बसले. सुईला शीर उरली नाही, हृदयही दमलंय. डॉक्टर म्हणाले, आठ-दहा दिवस, हळूहळू झोप वाढेल. आजी आपल्यामुळे गेली असं तू आयुष्यभर घोकत बसशील, तुला ओळखते, म्हणून हे पत्र. तुझी किडनी जुळली असती तरी मी घेतली नसती. तू आधी डॉक्टर गाठ. पाणी पी, खिडकी बंद करून ऊठ. रांग ओरडेल, ओरडू दे. मग माझ्याकडे ये. उशीर होणार असेल तर संत्री पुढे पाठव, चांगली रसाळ. मशीन सुटलं तसं संत्र्याचं पथ्यही सुटलं. सोलून पाठवू नकोस, मला सालीचा वास हवाय.

तुझीच,
अंगठेबहाद्दर आजी