सगळेच अर्जंट

२ फेब्रुवारी
प्लँट हेड सोनवणे साहेबांना माझा प्लॅन सांगितला. चाकण प्लँट ते पिंपरी हेड ऑफिस नेटवर्कचे दोन टनेल, म्हणजे डेटाचे रस्ते. ‘अ’ मोठा, ‘ब’ छोटा. डिस्पॅचचे गेटपास ‘अर्जंट’ वर्गात, ‘अ’मधून. मेल, कॅमेरे वगैरे ‘साध्या’ वर्गात, ‘ब’मधून. ‘अ’ पडला की अर्जंट आपोआप ‘ब’वर, साधं थांबणार. गेटपासशिवाय ट्रक सुटत नाही, हे साहेबांना पटलं. म्हणाले, रणजीत, ट्रक अडकला नाही तर एप्रिलपासून तू आयटी मॅनेजर. अडकतोय कशाला!

४ फेब्रुवारी
साहेबांचा व्हिडिओ कॉल अडकला. विचारत होते, मी साधा का रे? अर्जंटमध्ये टाकलं. अपवाद एकच.

९ फेब्रुवारी
एचआरच्या उत्कर्षा मॅडम म्हणाल्या, पंचिंग अडकलं तर अख्खी शिफ्ट तुझ्या केबिनसमोर उभी करीन. मुद्दा तांत्रिक होता. टाकलं.

१२ फेब्रुवारी
कँटीनचे कोंडाजी आले. कूपन मशीन स्लो. म्हणाले, भावा, जेवान अर्जंट न्हाई व्हय? उद्या उसळ तूच वाढ मग. टाकलं. नेतृत्वात लवचीकता लागते.

१६ फेब्रुवारी
‘अ’वर फार गर्दी. कुणाला तरी साध्यात हलवणं भाग. डिस्पॅचची साधना कधीच तक्रार करत नाही. तिला हलवलं. तात्पुरतं. सवडीने सांगेन.

१८ फेब्रुवारी
फेलओव्हरची, म्हणजे ‘अ’वरून ‘ब’वर जाण्याची टेस्ट. त्यासाठी ‘अ’ पाच मिनिटं बंद करायला हवा. साहेब कॉलवर, मग पंचिंग, मग जेवण. शेवटी कागदावर केली. पास.

२० फेब्रुवारी, दुपारी २.१०
‘अ’ पडला! अकरा सेकंदांत सगळं अर्जंट ‘ब’वर. साहेबांचा कॉल तुटलासुद्धा नाही. डोळे भरून आले.

२.२५
साधनाचा फोन. तीन ट्रक गेटवर, एकही गेटपास निघेना. शांतपणे विचारलं, रणजीतभाऊ, आम्ही अर्जंटमध्येच आहोत ना? बघून सांगतो म्हणालो.

२.४०
सेटिंग उघडेना. आयटी विभागही साध्यात. असूया नको म्हणून मीच ठेवला होता.

२३ फेब्रुवारी
ट्रक दोन तास उशिरा पोचले. ग्राहकाने परत पाठवले. मीटिंगमध्ये मी दाखवून दिलं की सिस्टिम सांगितल्याप्रमाणेच चालली. साहेब म्हणाले, तेच तर! आजपासून अर्जंटची यादी साधना ठरवणार. तिने आधी साहेबांनाच साध्यात टाकलं.
मॅनेजरपदाचं विचारलं. म्हणाले, आता साधनामार्फत ये.
गेलो. ती गेटपास काढत होती. मान वर न करता म्हणाली, भाऊ, अर्जंट आहे का?
नाही म्हणालो.