वळणावरची चौदा फुटांची पट्टी

९ जुलै २०१३, मंगळवार

कापलं. रस्क लोकांचं वळण. सगळं.

ट्रॅक्टरने रस्त्याकडेचं गवत कापत होतो, रेडिओवर कालच्या मॅचचा स्कोअर चालू होता. वळण आलं हे कळलंच नाही. आरशात बघतो तर मागे पिवळं पिवळं उडतंय. ट्रॅक्टर थांबवला. अर्धी पट्टी गेली होती. अर्धी उभी होती, वाऱ्यावर डुलत.

पुढचं लिहितो, कारण कुणाला सांगणं होणार नाही. उरलेली अर्धी मी जाणूनबुजून कापली. अर्धंच कापलेलं दिसलं तर जास्त वाईट दिसेल असं वाटलं! पाती खाली होती, माती उडेपर्यंत घासली. मुळं वर आली. चौदा फूट.

तिथे चार वर्षांपूर्वी रस्क यांची टेसा गाडीसकट झाडावर आदळली. एकोणीस वर्षांची होती. तिच्या आईने, जॅनेलने, त्या उतारावर रुडबेकियाचं बी फेकलं. इकडे सगळे त्या फुलाला काळ्या डोळ्यांची सुझन म्हणतात. चार वर्षं, कधी हा पट्टा माझ्याकडे आला की तिथे मी पाती उचलतो, टोपी काढतो, पुढे जातो.

आज टोपी काढली नाही.

११ जुलै, गुरुवार

ग्लेन रस्क आमच्या ट्रॅक्टरच्या शेडवर आला. टेसाचा बाप. सहा फुटी माणूस.

"कोण होता? नाव सांगा फक्त."

वेंडेलने, आमच्या साहेबाने, कुणी कुठला पट्टा कापला त्याचा मंगळवारचा कागद काढला. रस्त्याच्या त्या पट्ट्यापुढे सही कर्टिसची, माझ्यासारखाच ट्रॅक्टरवाला.

सही त्याचीच, पण ट्रॅक्टरवर मी. कर्टिसच्या बापाचं डायलिसिस असतं मंगळवारी, आणि त्याच्या सगळ्या रजा संपल्यात. म्हणाला होता, "मर्ल, एवढा एक दिवस माझा पट्टा मार ना. सही मी आधीच करून ठेवतो." मीच म्हटलं होतं, जा बाबा, बापाकडे बघ.

ग्लेन कर्टिससमोर उभा राहिला. "डोळे आहेत ना तुला? का तेही कापलेस?" आणि थुंकला. कर्टिसच्या बुटावर.

कर्टिसने माझ्याकडे पाहिलं. एकदाच.

मी हातमोजे शोधत होतो. हातमोजे हातातच होते.

१२ जुलै

मी बोललो तर कर्टिस कामावर नव्हता हे उघडं पडेल. त्याची नोकरीच जाईल. म्हणजे गप्प राहणं त्याच्याच भल्याचं.

लिहून बघितलं. वाचवत नाही.

१९ जुलै

कर्टिसला एक आठवडा घरी बसवलं. त्याने माझं नाव सांगितलं नाही. मीही नाही.

२३ ऑगस्ट, शुक्रवार

हॉटेलात सकाळची मंडळी कर्टिसला सुझन म्हणायला लागलीत. तो दारातून आत आला की, "आल्या बघा सुझनताई! बसा बाई, काय कापू तुमच्यासाठी?" सगळे हसतात. आज मीही हसलो. तोंड आपोआप हललं. कर्टिस कॉफी तशीच टाकून गेला.

१३ सप्टेंबर

कर्टिसने नोकरी सोडली. चाळीस मैलांवर धान्याच्या कोठारात लागला म्हणे. वेंडेल म्हणाला, "बरंच झालं, लोक विसरतील." त्याचा पट्टा आता मला दिलाय.

२९ सप्टेंबर, रविवार

वळणावर कुंपणाच्या तारेपलीकडे त्या फुलांची सात-आठ झाडं वाचली होती. कापताना तिथवर पातं पोचलं नव्हतं. आज चर्चला गेलो नाही, पाठ धरली म्हणून सांगितलं. जाऊन वाळलेली बोंडं खुडून आणली. काळी, टोकदार, बोटाला टोचतात. वर्तमानपत्रावर चोळली. बी खसखशीएवढं, काळं, जरा लांबट. श्वास सोडला की उडतं.

लोरीन चर्चहून आली. "पाठ बरी दिसते तुझी," म्हणाली. बायकोच्या नजरेतून काय सुटतंय!

१६ फेब्रुवारी २०१४, रविवार

बी फ्रीजमध्ये होतं, अंड्यांशेजारी, पाकिटात. आज तळघरात आठ ट्रे भरले. बी पेरायचं, पण पुरायचं नाही. त्याला उजेड लागतो. मातीवर नुसतं हाताने दाबायचं. वर ट्यूबलाइट टांगली.

लोरीनने विचारलं, कुणासाठी एवढं?

"चर्चच्या अंगणासाठी."

आता देवाचं नाव घेऊनही खोटं बोलतो.

२ मार्च

उगवलं. सगळ्या ट्रेमध्ये. हिरवी टाचणीची टोकं.

९ मार्च

तीन ट्रे गेले. रोपं मातीपाशी काळी पडून आडवी झाली. मी सकाळ-संध्याकाळ पाणी घालत होतो. लोरीन खाली येऊन बघून म्हणाली, "बुडवलीस तू त्यांना. इतका जीव लावायचा नसतो रे. ट्रेखाली पाणी ठेव, लागेल तेवढं ओढतील. आणि पंखा लाव." मग पायरीवर बसली. "मर्ल, चर्चच्या अंगणात चारशे रोपं मावत नाहीत."

मी पंखा आणायला वर गेलो.

२२ मार्च, शनिवार

पेट्रोल पंपावर कर्टिस भेटला. टाळता आलं नाही, दोघांच्या गाड्या एकाच पंपाला. वाळलाय.

"बाप गेला जानेवारीत," म्हणाला.

"अरे! मला माहीतच—"

"पेपरात आलं होतं." रागाने नाही. हवापाण्याबद्दल बोलावं तसं. "मला वाटलं मातीला तरी येशील."

माहीत होतं मला. पेपरात वाचलं होतं. कोट घालून दारापर्यंत गेलो होतो, मग काढून ठेवला.

त्याने नळी जागेवर ठेवली. "लोरीनला नमस्कार सांग." गेला. शिव्या दिल्या असत्या तर सोपं झालं असतं.

११ मे, रविवार

आज मदर्स डे. गाव सगळं चर्चमध्ये. त्या दोन तासांत मी एकशे ऐंशी रोपं वळणावर लावली. वीतभर अंतर, दहा ओळी. पानं आता लवदार झालीत, वासराच्या कानासारखी. जमीन भिकार, खडी आणि चिकणमाती. पण याला तसलीच आवडते. खत घातलं तर माजतं आणि आडवं होतं.

एक गाडी गेली. मी ट्रकमागे बसलो. एकसष्ट वर्षांचा माणूस, आईच्या दिवशी, चाकाआड लपून बसलाय!

२५ मे

सशांनी एक कोपरा खाल्ला. रोपघरात विचारलं, तिथला म्हणाला वाळवलेल्या रक्ताची पूड टाका, वासाने ससे पळतात. टाकली. चार कॅन पाणी रोज, कामावर जाताना. ट्रॅक्टरवर असलो की कुणी विचारत नाही.

२९ जून

पहिली कळी. अजून हिरवी. बटणाएवढी.

१३ जुलै, रविवार

सगळी पट्टी पेटलीय. पिवळी, मध्ये काळे डोळे. गाड्या हळू होतात.

पाद्रीबाबांनी प्रवचनातच काढलं. "माणसाने कापलं, देवाने पुन्हा फुलवलं." मागच्या बाकावरून कुणीतरी, "त्या कर्टिसला आणून दाखवा म्हणावं!" हशा. माझे कान इतके तापले की लोरीनने वळून पाहिलं. रस्क नवरा-बायको पुढच्या बाकावर. ग्लेन रडत होता. जॅनेल सरळ समोर बघत होती. हात मांडीवर, दगडासारखे.

घरी आल्यावर लोरीन म्हणाली, "चारशेतली किती जगली?"

मग सांगितलं. सगळं. तिने पुसत होती ते भांडं खाली ठेवलं. म्हणाली, "फुलं लावलीस ते ठीक. पण तू फुलांचं वाईट केलं नव्हतंस, मर्ल. कर्टिसचं केलं होतंस."

२४ जुलै

ग्लेन रोज दिसतो. पट्टीजवळ घडीची खुर्ची टाकून बसलेला, पूर्वी दिसायचा तसा. मी हात केला. त्याने केला नाही. बरं वाटलं, तरी. त्याची जागा त्याला परत मिळाली.

१ ऑगस्ट

सकाळी सातला बसलेला. दुपारी तीनला परत गेलो तर तिथेच. डबा उघडलेला नाही. आज त्याचा कामाचा दिवस.

४ ऑगस्ट, सोमवार

रस्क यांच्या घरी गेलो. ग्लेन नव्हता. कुठे असेल ते माहीतच होतं. जॅनेल मागच्या ओट्यावर शेंगा मोडत होती. टोपी हातात घेऊन उभा राहिलो. म्हटलं, बाई, गेल्या साली कापलं ते कर्टिसने नाही. मी. आणि आता लावलंय तेही मीच.

ती शेंगा मोडतच राहिली. कट्. कट्. मग थांबली.

"तुम्ही लावलंत?"

"हो."

"कुणी सांगितलं होतं तुम्हाला?"

मला वाटलं होतं ती रडेल, किंवा हाकलून देईल.

"मी लावलं होतं ते बी," ती म्हणाली. "मला वाटलं, येता-जाता दिसेल, बास. पण हा तिथे जाऊन बसायला लागला. चार वर्षं, मर्ल. उन्हात, पावसात, बर्फात. दोन नोकऱ्या गेल्या. घरी बोलायचा नाही, सगळं तिच्याशी बोलून संपायचं. मी रोज ठरवायची, उद्या उपटून टाकते. आईला होतंय का ते?" शेंगांचं भांडं तिने बाजूला ठेवलं. "तुम्ही कापलंत तेव्हा तो ओरडला, थुंकला, दोन महिने वेड्यासारखा. आणि मग एक दिवस दुसऱ्या रस्त्याने घरी आला. जेवला. थँक्सगिव्हिंगला टर्की त्याने कापली. झोपायला लागला. मी त्या कर्टिससाठी प्रार्थना करायची रोज. मनात म्हणायची, बाबा रे, तू माझा नवरा परत आणलास. आणि गावात त्याला शिव्या पडत होत्या तेव्हा तोंडातून एक शब्द काढला नाही. म्हणजे तुम्हीच गप्प होता असं समजू नका."

मी टोपी फिरवत राहिलो.

"आता परत बसलाय तो," ती म्हणाली. "फुलं आली तेव्हापासून."

निघताना म्हणाली, "कापा ते. तुमचं कामच आहे ते. मी सांगितलं म्हणून नका सांगू त्याला."

५ ऑगस्ट

पट्टा माझा. ट्रॅक्टर माझा. पाती खाली सोडायची, बास. कुणी काही म्हणणार नाही, किंवा म्हणतील कर्टिस परत आला!

दोनदा वळणावरून गेलो. दोन्ही वेळा पाती उचलली.

६ ऑगस्ट, बुधवार

संध्याकाळी गेलो. ग्लेन खुर्चीत. मी खडीवर बसलो, खाली. सांगितलं. रेडिओ, स्कोअर, अर्धी पट्टी, मग उरलेली अर्धी. कर्टिसचा बाप, रजा, सही. रोपं. जॅनेलचं नाव घेतलं नाही.

तो ऐकत होता की नाही कळेना. फुलांवर मधमाश्या होत्या. मग म्हणाला, "मी त्याच्यावर थुंकलो."

"हो."

"आणि तू तिथेच होतास."

"हो."

"त्याचा बाप जगला?"

"नाही. जानेवारीत गेला."

ग्लेनने तोंडावरून हात फिरवला. दोनदा, तीनदा. मला वाटलं आता मारेल. मी टोपी काढून ठेवली, मारायचं तर मारू दे. तो एवढंच म्हणाला, "जा इथून."

७ ऑगस्ट

वेंडेलला लिहून दिलं. दीड पान. त्याने वाचलं, चष्मा काढला. "अरे, वर्ष झालं याला. आता कशाला उकरतोस?" मी म्हटलं, वरच्या ऑफिसला पाठव. त्याने खणात ठेवलं. मी म्हटलं, खणात नाही, वर. घरी जा म्हणाला, कळवतो.

कर्टिसकडे आधी जायला हवं होतं. त्याचं घर अजून इथेच, शेडपासून सहा मिनिटांवर. त्याच्या गल्लीच्या तोंडाशी ट्रक उभा केला. मग दूध संपलंय असं आठवलं.

९ ऑगस्ट, शनिवार

सकाळी वळणावर गेलो. पट्टी नाही. यंत्राने नव्हे, विळ्याने कापलेली, बुडापासून, नीट, एकेक. ग्लेन नव्हता, त्याची खुर्चीही नव्हती. चाकांच्या खुणा गावाकडे वळलेल्या.

लोरीन दुकानातून आली. पिशव्या खाली न ठेवताच म्हणाली, ग्लेन रस्कचा ट्रक कर्टिसच्या दारात उभा आहे. मागे फुलांचे भारे भरलेत. दोघं पायरीवर बसलेत, केव्हापासून कोण जाणे.

माझ्या आधी तो पोचला. मी अजून गेलेलो नाही.